कर्ता पुरुष लंका

पुंजाराम शेळक्याची लंका संसार शिकायला नाशिकला गेली, ही बातमी पसरली तशा गावच्या बायका विहिरीवर धुणं टाकून हसल्या. गाव चांदवडपासून कोसभर आत. तिथं पोरगी मॅट्रिकला नापास झाली की तिचं लग्न व्हायचं आणि पास झाली तरी लग्नच व्हायचं, त्यामुळं अभ्यासाचा ताण कुणाला नव्हता. पण संसार शिकायला कॉलेज? लंकेच्या आईनं, सगुणाबाईनं, पाच पोरं वाढवली, दोन म्हशी, एक खवचट सासू आणि कांद्याचं खळं एकटीनं ओढलं. कोणत्या विद्यापीठानं तिला साधा नारळ दिला नव्हता.

"काय शिकवत्यात गं तिथं?" शेजारच्या ठमाबाईनं विचारलं.

"पोरं कशी वाढतात ते."

"आता गं बया! ती आपली आपुन वाढत्यात. त्यासाठी एष्टीनं जायला लागतं?"

ही कल्पना मुळात यादवमामाची. यादवमामा म्हणजे सगुणाबाईचा भाऊ. धंदा सांगायला शेती, करायला सोयरिकी जुळवणं. त्यानं पुंजारामाला पटवलं होतं, "दाजी, आता नोकरीवाली पोरं शिकलेली बायको मागत्यात. पण बी.ए. झालेली पोरगी उलट बोलती. हे गृहविज्ञान लय बेस. डिग्रीची डिग्री, आन भाकरी बी थापती." दूध देणारी आणि वर औताला चालणारी म्हैस मिळत असेल तर कोण सोडील? पुंजारामानं लंकेची ट्रंक उचलली आणि गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात नेऊन सोडली.

तिथं बालविकास होता, आहारशास्त्र होतं आणि कुटुंबसंबंध नावाचा एक विषय होता. तो टिपणीस बाई शिकवायच्या. बाई बिनलग्नाच्या, पन्नाशीच्या आणि शिस्तीच्या. नवरा-बायकोनं एकमेकांशी जुळवून कसं घ्यावं यावर त्या तासन् तास बोलायच्या. जन्मात कुणाशी जुळवून घ्यावं न लागल्यामुळं विषयावर त्यांची पकड पक्की होती.

पुस्तकातलं मूल तर लंकेनं कधी पाहिलंच नव्हतं. ते दोन वर्षांचं झालं की जिना चढायचं, काट्याचमच्यानं खायचं आणि स्वतःच्या खोलीत एकटं झोपायचं. सुटीत बाईंनी घरच्या एका मुलाचं निरीक्षण करून आणायला सांगितलं. लंकेनं भाचा धरला. पोरगं तरतरीत, पण सगळ्या गावात जिना नाही. मग तिनं त्याला चढायला विहिरीच्या पायऱ्यांवर नेलं. सगुणाबाईनं ते लांबून पाहिलं आणि पळत येऊन लंकेच्या पाठीत असा धपाटा घातला की मानवाचा विकास जागच्या जागी थांबला. बाईंनी शेवटी शेरा मारला, "मूल मागे आहे. कारण, जिना नाही."

आता एवढं हसून घेतलं तरी लंकेला ते शिक्षण हवं होतं, आणि लय हवं होतं. त्याचं कारण एक जीप. दुसऱ्या वर्षी कॉलेजात एक मुख्यसेविका बोलायला आली. सरकारनं नव्या अंगणवाड्या काढल्या होत्या, त्यांच्यावर देखरेख करणारी ही बाई. खांद्याला चामडी पिशवी, पायात वहाणा आणि फाटकात जीप. ती सहज म्हणाली, "मी गावात गेले की सरपंच खुर्ची सोडून उठतो." बाकीच्या पोरींनी ते वहीत उतरवलं. लंकेनं उतरवलं नाही, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. तिच्या गावचा सरपंच बाईमाणूस आलं तर पाय आखडून घेत नसे, उठणं तर लांबच. त्या नोकरीला ही डिग्री चालत होती. पुंजाराम मात्र बजावून बसला होता, "ह्या सालात सुटलीस तर सुटलीस. नापास झालीस तर आणखी येक साल नाय. मांडवात उभी करीन."

शेवटच्या वर्षात सगळ्यात मोठी परीक्षा पुस्तकाची नव्हती. कॉलेजच्या मागं एक बैठं घर होतं. त्यात चार-चार पोरींनी महिनाभर राहून कुटुंब चालवायचं. बाहेर जायचं नाही, घरी जायचं नाही. त्यात नापास म्हणजे सालात नापास. दर सोमवारी भूमिका बदलायच्या: एक कर्ता पुरुष, एक गृहिणी, एक म्हातारं माणूस आणि एक तीन वर्षांचं मूल. टिपणीस बाईंचं म्हणणं, प्रत्येकीनं घरातल्या प्रत्येकाच्या जागी बसून बघावं. कल्पना वाईट नव्हती. घराच्या भिंतीला लागून कॉलेजची बालवाडी होती, आणि तिच्यातल्या पोरांना कळू न देता त्यांच्याकडं बघायला एक जाळीची खिडकी केली होती. तशीच एक जाळी या घराच्या बैठकीतही उघडायची. जाळीमागं बाई पेन्सिल घेऊन बसायच्या. कोण भूमिका सोडतंय, पाहुण्याचं स्वागत कसं होतंय, ताटात किती उरतंय, सगळ्याला गुण. ताटात अन्न उरलं तर चौघींचे गुण जायचे, कारण बाईंच्या मते उरलेलं अन्न म्हणजे कुटुंबाचं अपयश.

लंकेच्या घरात तिघी आणखी होत्या. भागी निफाडची, सुमन नाशिक गावातलीच, आणि सिंधू पगारे नाशिकरोडची. सिंधूचे वडील कारकून, घर बौद्धवस्तीतलं. हुशार पोरगी, तोंडाची फटकळ आणि हाताला अशी चव की बाकी तिघीही तिच्या पाळीची वाट बघायच्या. पुंजाराम पहिल्या वर्षी लेकीला भेटायला आला तेव्हा सिंधूनं त्याला चहा दिला होता. मग त्यानं वस्ती कोणती ते विचारलं. तेव्हापासून पुंजाराम नाशिकला येताना भाकरी धडप्यात बांधून आणायचा आणि चहा पुढं आला की म्हणायचा, "नको, दात दुखतोय."

"काकांचा दात फक्त मला बघून दुखतो," सिंधू म्हणायची. लंका मान खाली घालायची.

तर त्या महिन्यात यादवमामानं स्थळ काढलं. मुलगा वाल्मीक, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. पर्मनंट. क्वार्टर. विधवा आई कुसाबाई, बाकी पाश नाही. पोरीला घरी जाता येत नाही म्हटल्यावर असं ठरलं की तिला त्या घरातच बघायचं. टिपणीस बाई उलट खूश झाल्या, "वा! स्वागताला खरे पाहुणे!" यादवमामानं महिन्याचा शेवटचा रविवार धरला. तेव्हा लंका गृहिणी असणार होती. पोहे करील, ट्रे घेऊन येईल, खाली बघील. डिग्रीही होईल आणि सोयरीकही.

पण वाल्मीकची शिफ्ट बदलली. शनिवारी दुपारी यादवमामाचा निरोप आला, उद्याच येतोय. आणि त्या आठवड्यात लंका होती कर्ता पुरुष.

ती बाईंकडं धावली. "बाई, उद्यापुरतं मला गृहिणी करा."

बाईंनी चष्मा काढला. "पाहुणे आले म्हणून घरातला कर्ता पुरुष बदलतो का?"

"पण बाई, मला बघायला..."

"कर्ता स्वयंपाकघरात जात नाही, ट्रे उचलत नाही. बैठकीत बसतो आणि पाहुण्यांची चौकशी करतो. नियम तुम्हाला दिलेत. मोडायचे तर मोडा, गुण माझ्याकडे आहेत."

रविवारी सकाळी मंडळी आली. पुढं यादवमामा नव्या टोपीत, मागं पुंजाराम, त्यामागं नऊवारीत कुसाबाई, आणि सगळ्यात मागं वाल्मीक, दाढी इतकी घोटलेली की हनुवटी सोलल्यासारखी दिसत होती. लंका दारात आली, नमस्कार केला, सगळ्यांना दिवाणावर बसवलं आणि स्वतः जाऊन हाताच्या खुर्चीत बसली. घरात तशी खुर्ची एकच. तिच्यावर वर्तमानपत्र ठेवलेलं, तेही तिनं नियमाप्रमाणं मांडीवर घेतलं.

कुसाबाईनं जरा वाट पाहिली. मग यादवमामाला म्हणाली, "पोरगी कुठंय?"

"ही काय, हीच की."

"ही? मंग ही खुर्चीत काबरं बसली?"

तेवढ्यात कोपऱ्यातून सुमन काठी आपटत कण्हली. तिची पाळी म्हातारपणाची. "अगं बाई गं, गुडघे धरले. या घरात माझ्याकडं कुणी बघत नाही."

कुसाबाई दचकली. "हिला काय झालंय?"

"कुठं काय," पुंजाराम म्हणाला. "ती म्हातारी हाय."

"म्हातारी? इशीची तर दिसती!"

"काका, काका," भागी जमिनीवर फतकल मारून यादवमामाच्या धोतराला झोंबली, "तुमच्या मिशा खऱ्या हैत का?"

"आन ही तीन वर्साची," पुंजारामानं सांगून टाकलं. आवाज असा की जणू कांद्याचा भाव सांगतोय, पटला तर घ्या. "शिकत्यात पोरी हितं. संसार शिकत्यात."

कुसाबाईनं पदर तोंडाला लावला. पुंजारामाच्या कपाळावर घाम आला. तो लंकेकडं वाकला आणि दातावर दात ठेवून म्हणाला, "ऊठ. आत जा. पोहे तू घेऊन ये."

लंका उठणारच होती, खोटं कशाला? बापाचा असा आवाज तिनं बैल बिथरल्यावरच ऐकला होता. गुडघ्यांनी उठायची तयारी केली. आणि जाळीमागं पेन्सिल खरडल्याचा आवाज झाला. आत गेली तर सोयरीक जुळेल आणि साल जाईल, आणि पुढचं साल नाहीच. तिला ती जीप दिसली. खुर्ची सोडून उठणारा सरपंच दिसला. आणि ही खुर्ची तर तिच्या बुडाखालीच होती. तिनं वर्तमानपत्राची घडी घातली.

"प्रवास नीट झाला ना?" तिनं वाल्मीकला विचारलं.

वाल्मीकनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. "हो. झाला की."

"काम कसलं असतं तुमचं?"

"कोळशाच्या पट्ट्यावर असतो. ऑपरेटर."

"शिफ्ट?"

"दर आठवड्याला बदलती."

"रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोप लागते का? घर गप्प राहतं?"

वाल्मीकचा चेहरा बदलला. नोकरी लागल्यापासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "कुठलं हो! नेमकं तव्हाच आईला तांब्या-पितळ घासायचं असतं. आन वर रेडिओ. मी उशी कानावर धरून पडतो."

"वाल्मीक!" कुसाबाई म्हणाली.

"मग आईंना सांगितलंत का कधी?"

"नाय बा. कसं सांगायचं?"

"तोंडानं," लंका म्हणाली. कुटुंबसंबंधाच्या तासाला नुसतं एवढं सांगायला बाईंना अख्खं सत्र लागलं होतं.

आणि अशात सिंधू ट्रे घेऊन आली. गृहिणीची पाळी तिची. चापूनचोपून साडी, पदर खांद्यावर नीट, नजर पुस्तकात सांगितल्याप्रमाणं पाहुण्याच्या हनुवटीवर. पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. तिनं आधी कुसाबाईला दिलं, मग यादवमामाला, मग वाल्मीकला. पुंजारामासमोर आली तसा त्यानं गाल धरला. "मला नको. दात दुखतोय."

कुसाबाईनं पहिला घास घेतला आणि तिच्या चेहऱ्यावरची गढी ढासळली. ताटली बघता बघता रिकामी. "आणखी देऊ का मावशी?" सिंधूनं विचारलं. "दे गं माय, दे. लय दिसांनी असा मोकळा दाणा खाल्ला." दुसरी ताटली आली. ती हातात धरूनच कुसाबाईनं यादवमामाला कोपरानं ढोसलं. आपण हळू बोलतोय असा तिचा समज होता.

"यादवदादा, ही कोणाची?"

"ही व्हय? ही हिची मैत्रीण."

"मंग हिचंच बघा ना. चाल बघा, बोलणं बघा. ही खुर्चीतली बाई मला नको. हिचं लग्न झालंय का?"

"नाय वाटतं," यादवमामा म्हणाला आणि त्याच्यातला सोयरिकी जुळवणारा लगेच जागा झाला. पुंजारामाचं तोंड उघडं राहिलं, दात विसरून.

"बाळ," कुसाबाईनं सिंधूचा हात धरला, "तुमचं कुलदैवत कोणतं गं?"

सिंधूनं हात सोडवला नाही. आवाजही बदलला नाही. "आम्ही बौद्ध आहोत मावशी."

म्हातारी कण्हायची थांबली. तीन वर्षांचं मूल एकदम वीस वर्षांचं झालं. कुसाबाईनं धरलेला हात असा सोडला जसा तवा सोडतात. दुसऱ्या ताटलीला अजून हात लागला नव्हता. ती तिनं दिवाणाच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, "माझा आज उपास हाय."

एक ताटली पोटात गेल्यावर आठवलेला उपास! ती ताटली तर केव्हाच आत जाऊन कामाला लागली होती. यादवमामाच्या तोंडात शेवटचा घास होता. तो गिळावा की थुंकावा, याचा निर्णय होईना, म्हणून त्यानं तो गालातच ठेवून दिला.

"वाल्मीक, ठेव ते," कुसाबाई म्हणाली.

वाल्मीकनं शेवटचा चमचा तोंडात घातला. "संपलंच की आई."

कुसाबाई उठली. दारातून वळून पुंजारामाला म्हणाली, "दादा, तुमची पोरगी बाई नाय. बाप्या हाय."

"पुढच्या आठवड्यात नाही," लंका बसल्या जागेवरून म्हणाली. "सोमवारी मी म्हातारी होणार."

कुसाबाई गेली. वाल्मीक जाताना दारात अडखळला, काहीतरी बोलावंसं वाटलं त्याला, पण आई पुढं निघाली होती. यादवमामा गालातला घास सांभाळत मागं धावला. पुढं महिनाभरात वाल्मीकचं लग्न सिन्नरच्या एका पोरीशी ठरलं. ती ट्रे घेऊन आली होती.

मागं उरला पुंजाराम. कुणावर ओरडावं तेच त्याला कळेना. खुर्चीवर ओरडता येत नाही.

"झालं समाधान? क्वार्टर गेलं, पोरगा गेला."

"डिग्री आहे अजून," लंका म्हणाली. पण तिची नजर दिवाणाच्या कडेला होती. तिथं ती दुसरी ताटली, शीग लावून भरलेली. जाळीमागची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई भिंतीला वळसा घालून ताटं बघायला निघाल्या होत्या. चौघींची पोटं पाहुण्यांच्या आधी, नियमाप्रमाणं नाश्ता करून तुडुंब. शिवाय पाहुण्याच्या ताटातलं घरच्यांनी खायचं नाही, तसाही नियम होता.

"आबा, ही ताटली उरली तर आमचे गुण जाणार."

"किती?"

"नापास होण्याइतके. एवढ्या गोंधळानंतर बाई आधीच चिडल्या असतील."

पुंजारामानं ताटलीकडं पाहिलं. "आन कोणी खाल्ली तर?"

"पाहुण्यानं खाल्ली तर पास."

"आन मी पाव्हणा हाय का?"

"तुम्ही काय इथले आहात का आबा?"

दारात सिंधू हाताची घडी घालून उभी होती. हसत नव्हती. "राहू दे लंका. काकांचा दात दुखतोय ना."

बाहेर बाईंच्या चपला वाजल्या. पुंजारामाच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं? समता नव्हती, बंधुता नव्हती. आणखी एक साल होतं. त्यानं सिंधूकडं न बघता ताटली ओढली आणि खळ्यावर भाकरी खातात तसे मोठमोठे घास मारले. टिपणीस बाई आत आल्या तेव्हा तो बोटानं ताटलीच्या कडेचं खोबरं निपटत होता.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"मीठ बरोबर आहे काका," सिंधू म्हणाली. "मावशींनी दुसऱ्यांदा मागून घेतले."

बाईंनी रिकाम्या ताटल्या मोजल्या आणि पूर्ण गुण दिले. कर्त्याच्या भूमिकेपुढं त्यांनी शेरा मारला, "थोडी कमी चौकशी चालली असती."

निकाल लागला. सिंधू पहिली, नाशिकरोडच्या शाळेत लागली. लंका दुसऱ्या वर्गात सुटली आणि एकोणीसशे ऐंशीत मुख्यसेविका झाली, पेठकडच्या डोंगरात. ती जीप मात्र पुस्तकातल्या जिन्यासारखी निघाली, आजतागायत दिसलेली नाही. एष्टी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत एष्टी, पुढं पाय. सरपंचही खुर्ची सोडून उठत नाहीत. लंका मग शेजारची खुर्ची ओढते, बसते आणि आधी विचारते, "प्रवास राहू द्या, अंगणवाडीची खिचडी कुठं जाते ते सांगा." लग्न तिनं पुढं चार वर्षांनी केलं. माणूस बघायला आला तेव्हा चहा त्यानंच केला. गावात त्यावर अजून चर्चा आहे.

सिंधू सुटीत शेळक्यांकडं येते. पहिल्यांदा आली तेव्हा ठमाबाईनं पुंजारामाला ओट्यावर गाठलं. "काय रं पुंजा, म्हातारपणी सुधारला का काय? तिच्या हातचं खातो म्हनं?"

"मी काय सुधारक नाय," पुंजाराम म्हणाला. "पोरीच्या मार्कासाठी खाल्लं. बाकी काय नाय."

आणि ते खरंच होतं. लंकेचंही तेच म्हणणं, आबा खोटं बोलत नाहीत. फक्त त्या दिवशी बाई गुण देऊन निघून गेल्यावर, घरात मार्कांचा काही संबंध उरला नसताना, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन "कढईत आणखी हाय का गं?" असं त्यानं कशासाठी विचारलं, तेवढं तो अजून कुणाला सांगत नाही.